चिंधीची झूल

दिवाळी अंकवाले मेहकरहून आले, चहा घेतला आणि म्हणाले, "शोभाताई, एक्केचाळीस वर्षं शिलाई मशीनवर काढलीत. अगदी सुरुवातीपासून लिहा." मी म्हटलं, सुरुवातीपासून कोण वाचणार? ब्लाउजची शिवण उसवली तर बाई टेलरला शिव्या देते, त्याची जन्मतारीख विचारत नाही. मशीन कधी घेतलं, शिवण कुठे शिकले, नवरा एसटीत कंडक्टर असताना घर कसं चालवलं, हे सगळं बाजूला ठेवते. मला एका कोटाबद्दल लिहायचं आहे. बारा हात शेपटीचा कोट होता. तो मी सिनेमातल्या एका खलनायकासाठी शिवला आणि एका कुत्रीने तो त्याच्या अंगावरून ओढून नेला. त्यात माझी एक चूक होती. ती मी छापून कुठे कबूल केली नाही, कारण आजवर मला कोणी छापलंच नव्हतं.

डोणगावच्या बसस्टँडवरून बाजाराकडे निघालं की उजव्या हाताला माझं दुकान लागतं. दहा बाय बाराची खोली, पुढे लोखंडी शटर, शटरपुढे दोन पायऱ्या. मध्ये कापायचं टेबल आणि टेबलाखाली चिंध्यांचा ढीग. लोकांना वाटतं, टेलरचं काम म्हणजे शिवणं. शिवणं सगळ्यात सोपं. अवघड असतं ते ऐकणं. बाई सांगते एक, तिला हवं असतं दुसरं, आणि आरशात बघून ती तिसऱ्याच गोष्टीसाठी डोळ्यांना पदर लावते. आमच्याकडच्या शाळेतल्या एक बाई दर जूनमध्ये सहा ब्लाउज टाकायच्या आणि म्हणायच्या, "मागचंच माप घ्या शोभाताई, माझ्यात काही फरक नाही." फरक मला दारातूनच दिसायचा. मी गुपचूप बाजूच्या शिवणीत दोन बोटं कापड जास्त धरायची. ब्लाउज घालून त्या म्हणायच्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" खरं माप टेलरला माहीत असतं, पण ते बोलून दाखवायचं नसतं. याच एका गुणावर माझं दुकान चाललं.

एकदा एका आईने पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीच्या लग्नाचा ब्लाउज टाकला आणि मापासाठी स्वतःच्या लग्नातला ब्लाउज दिला. "पोरगी माह्यावरच गेली आहे," म्हणाली. मुलगी हळदीच्या दिवशी आली. ब्लाउजात तिचा एक हात गेला, दुसरा बाहेरच राहिला. "माय, हे कोनाचं माप होय व?" ती ओरडली. आईने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्या दुपारी पाठ उभी कापली, दोन्ही कडांना काजं केली आणि मध्ये लाल नाडी ओवून बांधली. लग्नात बायका विचारायला लागल्या, ही फॅशन कुठली? पुढचा सगळा हंगाम मला पाठीवर नाडीवालेच ब्लाउज शिवावे लागले. फॅशन कुठून येते हे मला तेव्हापासून माहीत आहे, म्हणून मी तिच्यापुढे फारशी वाकत नाही.

ब्लाउजांनी पोट भरलं, पण नाव झालं ते झुलींनी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याला बैल सजवतात, तेव्हा त्याच्या पाठीवर जे नक्षीचं पांघरूण घालतात ती झूल. मखमलीवर आरसे, कवड्या, रंगीत काठ, कडेला गोंडे. लेडीज टेलरने बैलाचं शिवावं का, यावर पहिल्या वर्षी गावाने भरपूर हसून घेतलं. एक म्हातारे दुकानात येऊन म्हणाले, "बाईचं पोलकं अन् बैलाची झूल एकाच मशीनवर?" मी म्हटलं, "बाबा, बैल बरा. तो कंबरेत दाबते म्हनून वापस आनत नाही."

बैल दुकानात येत नाही, त्याचं माप येतं. शेतकरी कासरा घेऊन येतो, म्हणजे बैलाची दोरी. वशिंडापासून शेपटीपर्यंत किती, तिथे एक गाठ. पाठीवरून खाली किती सोडायची, तिथे दुसरी. मी गाठी मोजून वहीत लिहिते आणि कासरा परत देते. वहीत बैलाचं नाव असतं, मालकाचं नंतर.

आठ-नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या खेड्यातले नामदेवराव दोन कासरे घेऊन आले. एक सोन्या नावाच्या बैलाचा, एक पाखऱ्याचा. जोडीला लाल मखमल आणि निळा काठ त्यांनी स्वतः निवडला. पोळ्याला चार दिवस होते आणि पाखऱ्याला साप चावला. नामदेवराव आले ते सोन्याची झूल घेऊन निघाले, मग दारातून परत फिरले आणि पाखऱ्याची झूल टेबलावर उलगडून तिच्यावरून हात फिरवत उभे राहिले.

"आता हे कोनाले घालू?" ते म्हणाले.

"घरी न्या भाऊ. ठेवा आठवन."

"घरी नेली त मालकीन रडते. राहू द्या तुमच्याजवळ."

मी ती खिळ्याला अडकवली. त्याच थंडीत एक दिवस टेबलाखालच्या चिंध्यांत कुत्र्याचं पिल्लू सापडलं. पांढरंशुभ्र, डावा कान काळा, पुढचा उजवा पाय काळा, एकाच पायात मोजा घातल्यासारखा. चिंध्यांत सापडली म्हणून चिंधी. थंडीने ती इतकी कुडकुडत होती की मी खिळ्यावरची झूल काढून तिच्या अंगाखाली घातली. नुसती लटकवून ठेवण्यापेक्षा कोणाच्या तरी उपयोगाला येऊ दे, असं मनात म्हटलं. ती झूल तिचीच झाली.

संध्याकाळी दुकान बंद करताना मी चिंधीला बाहेर पायरीवर काढत असे. आत उंदरांच्या मागे लागली असती तर गिऱ्हाइकाच्या साड्या राहिल्या नसत्या. एकदा तिची झूल आतच राहिली आणि शटर लागलं. ती रात्रभर भुंकली, सकाळी शेजारपाजारचे मला भुंकले. त्या दिवसापासून चिंधीने स्वतःच व्यवस्था लावली. मी शटरला हात घालून त्याचा खडखडाट झाला रे झाला, की ती उठायची, झूल दातात धरायची आणि मागे मागे सरकत, सगळी ताकद लावून ती पायरीवर ओढत न्यायची. मग तीन गिरक्या घेऊन तिच्यावर बसायची. बसची वाट पाहणारे लोक हे बघायला थांबायचे. सहा वर्षांत तिने एक दिवस खाडा केला नाही. मी बरेच केले.

आता माझं दुखणं सांगते. माझे डोळे गेले, म्हणजे अगदी गेले नाहीत, पण दोन्ही ऑपरेशनं झाल्यावर बुलढाण्याच्या डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं. माझा मुलगा प्रशांत पुण्याला असतो. सून चांगली आहे, माझ्याशी माझ्या मुलापेक्षा जास्त बोलते. दोघांनी मिळून ठरवलं, मीही मान डोलावली, की दिवाळीला दुकान बंद करायचं आणि पुण्याला जायचं. खोली तयार झाली, पडदेसुद्धा लागले. अडलं होतं एकाच ठिकाणी. सुनेला कुत्र्याच्या केसांनी दमा उठतो, खरोखर उठतो, मी पाहिलं आहे. मग चिंधीचं काय?

मी सगळ्यांना विचारून पाहिलं. गावात कुत्र्यांना तोटा नाही आणि मागणीही नाही. नामदेवरावांच्या शेतावर आधीच दोन होते, तिसऱ्याला त्या दोघांनी फाडून खाल्लं असतं. प्रशांत दर रविवारी फोनवर विचारायचा, "आई, चिंधीचं जमलं का?" आणि मी दर रविवारी म्हणायची, "पाहून राह्यली ना बाप्पा." तो सबंध उन्हाळा मी एवढंच करत होते.

पोळा झाला, आणि आमच्याकडे सिनेमा आला, म्हणजे त्याचं शूटिंग.

कुत्र्यांचा एक मराठी विनोदी सिनेमा लहान पोरांत फार चालला होता, त्याचा हा दुसरा भाग होता. पहिल्या भागात कपड्यांनी वेडा झालेला एक शेठ असतो. दर प्रसंगात नवा पोशाख, आरसा दिसला की भाषण थांबवून भांग पाडणार. गावातली कुत्री भर सभेत त्याची शेरवानी फाडतात. दुसऱ्या भागात हा शेठ मोठी फॅशन कंपनी काढून परत येतो, त्याच गावात फॅशन शो ठेवतो आणि त्याआधी गावातली सगळी कुत्री हाकलायला निघतो. शेवटी मुख्य कुत्री त्याचा भलामोठा कोट भर शोमध्ये अंगावरून ओढून काढते आणि आत निघतं ठिगळांचं बनियन. गोष्ट एवढीच. शेठ कितीही नटला तरी आत काय आहे ते कुत्र्याला कळतं, असा काहीतरी अर्थ होता. मला तो पटला, ट्रायल रूमच्या पडद्याआड मी तेच पाहत आले आहे.

कपडे सांभाळणारी मुलगी होती ईशा. मुंबईहून आलेला कोट घेऊन ती माझ्या दुकानात शिरली. कोट नटाला खांद्यात दाटला होता आणि दिग्दर्शकाला तो बघून हसू येत नव्हतं. ईशाचं लक्ष भिंतीवरच्या झुलींकडे गेलं.

"मावशी, हे काय आहे?"

"झूल. बैलाची."

"माणसाची होईल?"

मी आजवर सगळ्या प्रश्नांना "होईल" म्हणत आले, तसं याही प्रश्नाला म्हटलं. बारा झुली जोडून कोट करायचा, मागे बारा हात शेपूट, खांद्यांवर गोंडे. हे ठरत असताना तिच्याबरोबर आलेले रफिकभाई खाली वाकून टेबलाखाली बघत होते. ते कुत्र्यांना काम शिकवायचे. त्यांनी मोबाइल काढला, पहिल्या भागातल्या कुत्रीचा फोटो चिंधीशेजारी धरला आणि मोठ्याने म्हणाले, "अरे बाप रे! कान पण तोच, पाय पण तोच!" ती कुत्री आता म्हातारी झाली होती आणि तिच्यासारखी दुसरी ते तीन महिने शोधत होते.

चिंधी सिनेमात गेली. सकाळी दोन तास रफिकभाई तिला शाळेमागच्या मैदानात शिकवायचे आणि दुपारी ती माझ्याकडे येऊन झोपायची. आठ दिवसांत ती हाताच्या खुणेवर भुंकायला, धावायला, थांबायला शिकली. रफिकभाईंचा जीव जडला. एक दिवस ते पायरीवर बसून म्हणाले, "मावशी, माझ्याकडे मोठी जागा आहे. सावली, डॉक्टर, वेळेवर जेवण. शेवटचा सीन हिने नीट केला, तर मी हिला घेऊन जातो. कामाची कुत्री मी सोडत नाही." मग म्हणाले, "बिनकामाची मला परवडत नाही, हे पण सांगतो."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्या रविवारी मी प्रशांतला सांगितलं, "जमलं." तो केवढा खुश झाला.

आता माझी चूक. गावातून जुन्या झुली गोळा केल्या त्या अकरा भरल्या. शेपटीचा शेवटचा तुकडा कमी पडला. उद्या सकाळी कोट द्यायचा होता आणि माझ्यासमोर, टेबलाखाली, लाल मखमल आणि निळा काठ पसरला होता. रंग तर असा जुळत होता की बास. मी चिंधीला पायाने बाजूला केलं, झूल तीन पाण्यांनी धुतली, इस्त्री केली आणि कोटाला जोडली. ईशाला सांगितलं, बाराही झुली शेतकऱ्यांकडून आणल्या. संध्याकाळी शटर खडखडलं तशी चिंधी उठली, टेबलाखाली गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. मशीनमागे पाहिलं, आरशामागे पाहिलं. मी तिला गव्हाचं पोतं अंथरून दिलं. ती त्याच्यावर बसली नाही, उघड्या फरशीवर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, कुत्रं आहे, विसरेल. घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही, पण तेव्हाही मी डाळीत मीठ जास्त झालं असंच ठरवलं.

शेवटच्या सीनच्या दिवशी अर्धं डोणगाव बाजाराच्या मैदानावर जमलं होतं. प्रेक्षकांचं काम गावकऱ्यांनाच होतं, त्यामुळे जो तो इस्त्रीचे कपडे घालून आला होता. खलनायकाचं काम करणारा नट फार साधा माणूस होता. मला "ताई, वजन बरोबर बसलंय" म्हणाला आणि कोट सावरत मंचावर गेला. आरसे लखलख करत होते, बारा हात शेपूट मागून सरपटत होती. खरं सांगते, माझा ऊर भरून आला. मागून एक जण ओरडला, "आता याले पुरनाची पोयी चारा अन् शिंगं रंगवा!" सगळं मैदान हसलं. दिग्दर्शक म्हणाले, "हे असंच हवंय."

रफिकभाईंनी खूण केली. चिंधी भुंकत अशी सुटली की पुढची पोरं घाबरून मागे सरली. मंचावर चढली, कोटाच्या शेपटीपाशी आली आणि गप्प झाली. तिने वास घेतला. मग तीन गिरक्या घेतल्या आणि शेपटीच्या टोकावर, निळ्या काठाजवळ, अंग टाकून झोपली.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नट रागाने चालत सुटला, तर चिंधी शेपटीवर बसल्या बसल्या त्याच्या मागे ओढली जाऊ लागली, वरातीतल्या नवरीच्या थाटात. लोक हसून हसून खाली बसले. दिग्दर्शक मात्र हसेनात. नट दुसऱ्या दिवशी परत जाणार होता, सीन आजच व्हायला हवा होता.

"हिला कोणी खाऊ घातलं?" दिग्दर्शकांनी विचारलं. नटाने हळूच कबूल केलं की रोज दोन बिस्किटं तो द्यायचा. सगळे त्या बिचाऱ्यावर घसरले. "खलनायकाने बिस्किटं वाटली तर कुत्री भुंकणार कशी?"

आणि मी गप्प उभी होते. मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. पण सांगितलं तर ईशापुढे मी खोटी पडणार, कोट उसवणार, सीन जाणार आणि रफिकभाई चिंधीला इथेच टाकून निघणार. मी आणखी दोन खेपा तोंड उघडलं नाही. एका भल्या माणसाने माझ्यामुळे बोलणी खाल्ली, आणि मी आपली हातातली टेप गुंडाळत राहिले. आजही ते आठवलं की लाज वाटते.

पाचव्या खेपेनंतर गर्दीतून नामदेवराव पुढे आले. ते कोटाकडे बघत नव्हते, शेपटीच्या टोकाकडे बघत होते.

"शोभाबाई," ते म्हणाले, "हे त माह्या पाखऱ्याची झूल होय ना?"

आता लपवायचं काय राहिलं? मी दिग्दर्शकांपुढे गेले आणि शक्य तितक्या शुद्ध भाषेत सगळं सांगितलं. झूल या भाऊंच्या बैलाची, नंतर ती या कुत्रीची गादी, आणि मी ती न विचारता कोटाला लावली. नटाकडे वळून हात जोडले. म्हटलं, "साहेब, तुमच्या बिस्किटांचा काही दोष नाही." ईशाने डोक्याला हात लावला. नामदेवराव चिंधीकडे बघत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "ऊब लागते ना तिले? मंग ठीक आहे."

त्यांच्या त्या बोलण्याने मला एकदम सुचलं. मी दिग्दर्शकांना विचारलं, "इथे शटर आहे का कुठे?"

मैदानाच्या कडेला किराणा दुकान होतं. मालक गर्दीतच होता, त्याला शटरपाशी पाठवलं. मंचाची पाठ त्या दुकानाकडे होती. नट मंचावर ताठ उभा राहिला, चिंधी शेपटीवर झोपलेलीच. मी रफिकभाईंना म्हटलं, तुम्ही फक्त बाजूला व्हा. कॅमेरा सुरू झाला, आणि किराणावाल्याने शटर खाडकन खाली ओढलं.

चिंधी उठली. झूल दातात धरली, चारही पाय रोवले आणि मागे मागे ओढायला लागली. नट दोन पावलं मागे सरकला आणि त्याचा तोल गेला. कोटाच्या खांद्यांना मी हूक लावणार होते, ईशाने हट्टाने टिचबटणं लावायला लावली होती. सहाही बटणं टचाटच सुटली. कोट गेला, बनियन राहिलं, मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. चिंधीला त्याचं काही नव्हतं. तिने बाराच्या बारा झुली ओढत मंचाखाली नेल्या, मैदान ओलांडलं, किराणा दुकानाच्या पायरीवर चढवल्या आणि तीन गिरक्या घेऊन वर बसली. सिनेमाचा शेवट आता तोच आहे. पोरं तिथे टाळ्या वाजवतात. ती दमून धापा टाकते आहे, त्यांना तो अभिनय वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रफिकभाई गाडी घेऊन दुकानापुढे आले. बाजूला सरकणाऱ्या दाराची मोठी गाडी होती. ईशाने कोट मला उसवू दिला होता. मी पाखऱ्याची झूल वेगळी केली, उसवलेली कड तुरपून घेतली आणि गाडीत अंथरली. चिंधी आनंदाने चढून बसली. मी तिच्या कानामागे खाजवलं.

रफिकभाईंनी दार ओढलं. दार खडखडलं.

चिंधीने झूल दातात धरली, दार लागायच्या आत खाली उडी मारली, झूल ओढत पायरीवर आणली आणि बसली. रफिकभाई हसले. तिला उचलून पुन्हा आत ठेवलं. पुन्हा दार, पुन्हा चिंधी पायरीवर. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा बसस्टँडवरची माणसं गोळा झाली होती.

रफिकभाई माझ्याजवळ आले. "मावशी, सोपं आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "दार अगदी सावकाश लावतो. आवाज झाला नाही की तिला कळणार नाही."

ते खरं होतं. तसं केलं असतं तर चिंधी गेली असती, आणि वाईट जागी गेली नसती. मी पायरीकडे पाहिलं. ती झुलीवर बसून वाट बघत होती, की आता शटर पूर्ण लागेल, मी घरी जाईन आणि उद्या परत येईन.

"नको," मी म्हटलं. "तिला न कळता नको."

रफिकभाईंनी मान हलवली, चिंधीच्या डोक्यावर थोपटलं आणि गेले.

त्या रविवारी प्रशांतचा फोन आला. मी सांगितलं, चिंधी गेली नाही. पुण्यात तो पुण्यासारखं बोलतो, पण त्या दिवशी घरच्यासारखं बोलला.

"आई, एक खरं सांग. चिंधीची सोय झाली असती त तू आली असती का व?"

मी दुकानातच होते. समोर मशीन होतं, त्यावर अर्धी शिवलेली बाही होती. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची मापं न बोलता ओळखली आणि स्वतःचं कधी घेतलंच नव्हतं.

"नाही रे," मी म्हटलं.

"मंग आधी काऊन नाही सांगतलं? आमी पडदे लावले ना."

"मले तरी कुठी माहीत होतं?"

तो हसला, मग मी रडले, मग सुनेने फोन घेतला आणि म्हणाली, पडदे राहू द्या, उन्हाळ्यात या. मी उन्हाळ्यात जाऊन आले. ते पंधरा दिवस चिंधी आणि तिची झूल नामदेवरावांच्या घरी राहिली, शेतावरच्या दोन कुत्र्यांपासून लांब. मी परत आले तेव्हा त्यांची मालकीण झुलीचा एक सुटलेला आरसा टाके घालून बसवत होती. टाके वाकडे होते. मी ते उसवले नाहीत.

ब्लाउज मी आता शिवत नाही. झुली शिवते, फॉल लावते, जे हाताला कळतं आणि डोळ्यांना फार विचारावं लागत नाही ते करते. दुकान बंद करायची वेळही लवकर झाली आहे, ऊन असतानाच. मी शटरला हात लावते, जरासं खडखडवते आणि थांबते. चिंधीचं वय झालं. झूल पायरीपर्यंत न्यायला तिला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, मध्ये एकदा बसून दम घेते. मी किल्ली हातात घेऊन उभी राहते. मला काही घाई नसते.